तुम्ही विचारलंत म्हणून: एपिक्टेटस आणि सोसायटीचा हप्ता

‘सर, तत्त्वज्ञान घेऊन पोरांना मिळतं काय?’ जूनमध्ये पालक विचारतात, लग्नाच्या पंगतीत पाहुणे विचारतात, तासिका वाटताना प्राचार्यही विचारतात. माझी ठेवणीतली उत्तरं आहेत. स्पर्धा परीक्षेला नीतिशास्त्राचा पेपर असतो, हे त्यातलं सगळ्यात चालणारं. खोटं नाही, पण त्यासाठी मी शिकवत नाही.

तर मार्च २०१४. मराठवाड्यात गारपिटीनं काढणीला आलेली ज्वारी आडवी केली होती. वर्गात निम्मे बाक रिकामे, आणि अभ्यासक्रमात नेमके स्टोइक, म्हणजे मन ताब्यात ठेवायला शिकवणारे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ. त्यांच्यातला एपिक्टेटस म्हणतो, काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. मतं, इच्छा, नावड हातात; शरीर, मालमत्ता, नावलौकिक, हुद्दा हातात नाही. खरं सांगू? मी मनातून खूश होतो. माझ्या विषयाचा उपयोग दाखवायला याहून चांगला आठवडा कुठला मिळणार!

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. ‘सर, गारा आपल्या हातात नाहीत हे आमच्या आजीलाबी माहीत हाय. गावच्या सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याचं सांगा. त्यो कुणाच्या हातात?’

कुणी हसलं नाही. मी म्हणालो, एपिक्टेटस तर गुलाम होता, तरीही...

‘पण त्याला नंतर सोडलं की, सर. तुमीच सांगितलं मागच्या तासाला.’

सांगितलं होतं. मग अडलेला मास्तर जे करतो तेच मी केलं: ‘प्रश्न चांगला आहे, पण विषयाला सोडून आहे.’ तो बसला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही, परीक्षेलाही नाही. पुण्याकडे कंपनीत लागला, असं मुलं म्हणाली. माझ्या तासामुळे कुणी शिक्षण सोडत नाही, एवढं मला कळतं. ते ज्वारीमुळे सुटलं.

स्टाफरूममध्ये मी तावातावानं मांडलं होतं की स्टोइक हप्त्याबद्दल बोलतच नाहीत, हप्त्याकडे बघणाऱ्या मनाबद्दल बोलतात. मुद्दा आजही बरोबर आहे. पण ग्रीसमधल्या निकोपोलिसच्या शाळेत एपिक्टेटसपुढे बसायची ती बरीचशी खात्यापित्या घरची पोरं. एकेकाळच्या गुलामानं त्यांना ‘मालमत्ता तुमची नाही’ म्हणणं वेगळं, आणि एक तारखेला पगार घेणाऱ्या मी ते कर्जदाराच्या पोराला ऐकवणं वेगळं. वाक्य तेच. हे तेव्हा का सुचलं नाही? सुचलं असतं तरी त्याला सांगून काय झालं असतं, तेही कळत नाही.

आता रीलवर स्टोइकांची चलती आहे. ‘हातात नाही ते सोडून द्या’, मागे संगीत, तीस सेकंदांत काम खलास. मुलं कौतुकानं दाखवतात आणि मी चिडतो. मग आठवतं की मीही तेच केलं होतं, फक्त अठ्ठेचाळीस मिनिटं घेऊन.

एक वर्ष ते प्रकरण गाळलं. परीक्षेत नेमका त्यावरच प्रश्न आला, मुलांनी मला धरलं. तेव्हापासून शिकवतो, आणि हा प्रसंगही सांगतो. गेल्या वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, ‘सर, हप्ता किती होता त्याचा?’

मी त्याला विचारलंच नव्हतं.