मालवणी खानावळीत सहाजण जेवायला जाताना

दादर, परळ, लालबाग, गिरगाव, पार्ले, मुलुंड, कुठेही राहत असाल तरी जवळच्या गल्लीत आठ-दहा टेबलांचं एखादं मालवणी हॉटेल सापडतंच. घोळक्याने जाऊन निवांत जेवायला याहून चांगली जागा मुंबईत नाही, असं माझं ठाम मत आहे. पण अशा ठिकाणी सहा जणांनी सहा सुरमई थाळ्या सांगितल्या की जेवणाची निम्मी मजा जाते. सहाही ताटांत तीच तुकडी, तेच कालवण. त्यातही पहिल्याचं ताट आल्यावर सहाव्याचं यायला वीस मिनिटं लागतात. याचं कारण आत आहे: छोट्या हॉटेलात मासे तळायला बहुतेक वेळा एकच मोठा तवा असतो आणि सगळ्या टेबलांची ऑर्डर त्याच्यावरच चढते.

हा तवा डोक्यात ठेवून ऑर्डर दिली की बाकीचं आपोआप जमतं. ओल्या बोंबलाचं उदाहरण घ्या. या माशात पाणी प्रचंड. म्हणून तो साफ करून, उभा चिरून, पसरून वजनाखाली दाबून ठेवतात, निदान अर्धा-पाऊण तास. मग मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण, कोकमाचं आगळ लावून रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवतात. एका बाजूने तीन-चार मिनिटं, एकदाच उलटायचा, की कुरकुरीत होतो. पण तव्यावर एकदम दहा-बारा बोंबील पडले की तवा थंडावतो, माशाचं पाणी सुटतं आणि रवा चिखलासारखा निघून येतो. ताटात एकावर एक रचले तरी तेच होतं, खालचे वाफेने मऊ पडतात. म्हणून सहा जणांसाठी बोंबील दोन खेपांत मागवावेत. पहिली प्लेट बसल्याबसल्या, दुसरी पहिली संपत आल्यावर. आणि ‘पसरट ताटलीत द्या’ असं वेटरला सांगायला लाजू नये, चांगला वेटर लगेच ओळखतो की टेबलावर खाणारी माणसं बसलीत.

मांदेलीचं उलट. मासा लहान, पाणी कमी, एकदा कडक तळली की बराच वेळ कुरकुरीत राहते आणि काट्यासकट खाता येते. गप्पा मारत खायला घोळक्यासाठी याहून चांगलं आणि स्वस्त काही नाही. सुरमईची तुकडी साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जाड असावी. पातळ असेल तर कोरडी पडते, फार जाड असेल तर मधल्या काट्यापाशी कच्ची राहते. तुकडी मोडल्यावर मासा थरांनी सुटला पाहिजे. पिठासारखा भुगा झाला किंवा नाकात झोंबणारा वास आला, तर खाऊ नका, ताट परत पाठवा.

सहा जणांसाठी माझी साधारण ऑर्डर अशी: मांदेली एक प्लेट, बोंबील दोन खेपांत, सुरमई किंवा हलव्याच्या दोन-तीन तुकड्या वाटून, तिसऱ्यांचं (म्हणजे शिंपल्यांचं) सुकं एक, माशाचं कालवण एक किंवा दोन, दहा-बारा भाकऱ्या, तीन भात, सहा सोलकढ्या. भूक मोठी असेल तर वर कोलंबी. इथे एक चूक सर्रास होते. तिसऱ्यांचं सुकं, चिकन सुकं आणि मटण असं सगळं एकदम मागवतात आणि मग ‘सगळ्याची चव एकच’ म्हणून कुरकुर करतात. तिन्हींना कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटप असतं, मग चव जवळ जाणारच. त्यातलं एकच घ्यावं आणि जोडीला ओल्या खोबऱ्याचं, धणे-मिरची वाटून कोकम घातलेलं कालवण घ्यावं. बांगड्याचं, तिरफळं (मिरीसारखी वाळलेली छोटी फळं) घातलेलं कालवण मिळत असेल तर डोळे झाकून तेच. बांगड्याच्या तेलकटपणाला तिरफळच पेलतं. फक्त तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं. पहिल्यांदा आलेल्या मित्राला हे आधी सांगा, नाहीतर त्याची जीभ बधिर होईल आणि पुढचं काही कळणार नाही.

भाकऱ्या एकदम सांगू नका. तांदळाची भाकरी पाच-सात मिनिटांत वातड होते. ‘दोन-दोन करून येऊ द्या’ एवढंच म्हणायचं. वडे मात्र कोंबडीबरोबर घ्या, माशाच्या कालवणाशी भाकरी आणि भातच. सोलकढी पहिल्याच ऑर्डरमध्ये सांगून ठेवावी, कारण दुपारी दोननंतर ती संपलेली असते. पण आणायला शेवटच्या भाताबरोबर सांगावी. चांगली सोलकढी फिकट गुलाबी असते, लसूण आणि हिरवी मिरची जाणवते, आणि थोडा वेळ ठेवली तर खाली पाणी सुटतं. भडक गुलाबी रंग दिसला की मला शंका येते.

पापलेट, चिंबोरी (खेकडा) यांच्यापुढे मेनूवर किंमत नसते, ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं. ऑर्डर देण्याआधीच भाव विचारा आणि मासा बघायला मागा. कल्ले लाल, अंग दाबल्यावर परत वर येणारं, एवढं पुरे. तळहाताएवढं पापलेट मी मागवत नाही, ते अजून वाढायचं असतं. २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित केलेल्या माशाला आपण निदान मोठं होऊ द्यावं.

सोबत शाकाहारी कोणी असेल तर बसतानाच सांगा. पर्याय भरपूर आहेत, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी कोणत्याही माशाच्या तोडीची लागते. पण तवा आणि तेल तेच असतं, त्यामुळे तळलेलं काही मागवताना विचारून घ्यावं. कोणाला कोलंबी-तिसऱ्यांची अ‍ॅलर्जी असेल तर हे अधिकच महत्त्वाचं.

जायचं कधी? बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे खाण्याचे वार, गर्दी ठरलेली. रविवारी सव्वाबाराच्या आत पोहोचा. अडीचनंतर टेबल मिळतं, पण फळ्यावरचे निम्मे मासे पुसलेले असतात. सोमवार-गुरुवारी टेबल लगेच मिळतं, मात्र मालक त्या दिवशी मासळी बेताने घेतो, म्हणून आधी फोन करून ‘आज काय आलंय’ विचारावं. गल्ल्यावरच्या वहीत नाव लिहिताना ‘सहा’ एवढंच लिहू नका, ‘चार आणि दोन अशी शेजारची टेबलं चालतील’ असं सांगा, नंबर बराच लवकर लागतो. सगळे आल्याशिवाय बरेच मालक बसवत नाहीत, तेव्हा उशिरा येणाऱ्या मित्राला वेळ अर्धा तास आधीची सांगावी.

१ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मिळणारी सुरमई आणि पापलेट बहुतेक बर्फातलं. तेव्हा सुक्या बोंबलाची चटणी, सुकट, जवळा, खाडीची मासळी मागवा, पावसाळ्यात हेच खरं जेवण. सगळ्यात चांगला काळ ऑगस्टचा, हे फार कमी लोक लक्षात घेतात. बोटी परत निघालेल्या असतात आणि श्रावण पाळणाऱ्यांमुळे हॉटेलं रिकामी. तुमच्या घोळक्यात श्रावण न पाळणारे असतील तर ताजा मासा आणि निवांत टेबल दोन्ही मिळतं.

बिलावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचे अडीच आणि राज्याचे अडीच. कंपोझिशन योजनेतलं (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) छोटं हॉटेल असेल तर त्याला बिलात कर वेगळा लावताच येत नाही. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. लावला असेल तर काढायला सांगा. पैसे एकाने द्यावेत, हिशोब नंतर आपसात, कारण गल्ल्यावर सहा जण सहा फोन घेऊन उभे राहिले की मागची रांग अडते. टिप मात्र रोख, थेट वेटरच्या हातात.

उरलेलं पार्सल घेताना कालवण आणि सुकं घ्या, दुसऱ्या दिवशी ते आणखी मुरतं. तळलेला मासा टेबलावरच संपवा. सोलकढी नेलीत तर घरी पोहोचताच फ्रिजमध्ये टाका आणि गरम करू नका, ती फुटते.