आस्कंद, दुसरं वर्ष: यावेळी मुळं मिळाली!

टेरेसवर ग्रो-बॅगांमध्ये लावलेला आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, काढला, वाळवला, आज वजनही केलं, त्यामुळे आता सगळं सविस्तर लिहिते. पहिल्या बॅगेतून जे मूळ निघालं ते करंगळीएवढं जाड, वीतभर लांब, सरळसोट, आणि तोच तो पागेतल्यासारखा उग्र वास ज्याच्यावरून नाव पडलंय. मी ते हातात धरून टेरेसवर तशीच बसून राहिले कितीतरी वेळ.

गेल्या वर्षी मी याला वांग्यासारखं वाढवलं होतं. कुळ एकच, रोपही त्याच वळणाचं दिसतं, म्हणून अर्धी बॅग गांडूळखत, रोज पाणी, दर पंधरा दिवसांनी जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत). झाडं कमरेएवढी झाली, पाला इतका की बघत राहावं, आणि मुळं निघाली उदबत्तीच्या काडीएवढी. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. मग मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात शेतकरी हे कसं करतात ते वाचत गेले, नीमचची मंडी आस्कंदासाठी प्रसिद्धच आहे, तर तिकडे हलक्या जमिनीत, पावसाळा उतरतीला लागला की पेरतात, खत जेमतेम, पाणी त्याहून कमी. आपल्याला पाला नकोय, मूळ हवंय, आणि वरच सगळं आयतं मिळालं तर झाड खाली कशाला उतरेल? यंदा सगळं या एकाच गोष्टीवर केलं.

माती: १८ इंच खोल बॅगा घेतल्या, एकूण १०. त्यातल्या ८ मध्ये २ भाग लाल माती, २ भाग जाड वाळू, १ भाग जुनं कुजलेलं शेणखत, कोकोपीट अजिबात नाही कारण ते ओल धरून बसतं. उरलेल्या २ मध्ये मुद्दाम गेल्या वर्षीचंच मिश्रण आणि रोजचं पाणी, म्हणजे शेजारी शेजारी फरक दिसेल.

३० ऑगस्ट: पेरणी. बी जवाहर २० जातीचं, ताजं. जुन्या बियांची उगवण खूप घसरते, त्यात काटकसर करू नका. रात्रभर भिजवलं, वाळूत मिसळून थेट बॅगेतच टाकलं. ट्रेमध्ये रोपं करून लावता येतात, पण उपटताना सोटमूळ दुखावतं आणि मग त्याला फाटे फुटतात, गेल्या वर्षी माझी अर्धी मुळं तशीच दोन-तीन फाट्यांची होती. नवव्या दिवशी पहिला अंकुर दिसला.

सप्टेंबर: सलग चार दिवस पाऊस झाला आणि ५ रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. मर रोग. मग पाऊस दिसला की वर प्लास्टिकचा कागद, आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) एकदा दिलं, पुढे थांबलं ते. विरळणी करून बॅगेत २-२ रोपं ठेवली.

ऑक्टोबर: पानांची जाळी व्हायला लागली. उलटून बघितलं तर पिवळ्या काटेरी अळ्या, आणि तो लालसर ठिपक्यांचा भुंगा जो वांग्यावर येतो. येणारच, वांग्याची कुंडी हातभर अंतरावर होती! ती पार दुसऱ्या टोकाला नेली, अळ्या रोज सकाळी हाताने वेचल्या, निंबोळी अर्क दोनदा. ज्यांच्याकडे वांगी-टोमॅटो आहेत त्यांनी हे पहिल्यापासून लांब ठेवा.

नोव्हेंबरपासून पाणी आठवड्यातून एकदाच, आणि हा सगळ्यात अवघड भाग होता हो. दुपारी पानं मान टाकायची, सासूबाई म्हणायच्या, "अगं घाल की तांब्याभर, जीव कासावीस होतोय बघून." मलाही होत होतं. पण सूर्य कलला की झाडं परत उभी राहायची, म्हणून मन घट्ट केलं.

डिसेंबरात बारीक हिरवट-पिवळी फुलं आली, मग रसभरीसारख्या कागदी कंदिलात फळं, जानेवारी सरता सरता ती लालभडक झाली. (पनीर फूल म्हणजे हेच का असं मैत्रिणीने विचारलं, तर नाही, ते याच्या चुलत भावंडाचं फळ, त्याने दूध फाटतं म्हणून ते नाव.) फळं लाल आणि खालची पानं वाळायला लागली की काढणी.

२२ फेब्रुवारी: १७६ दिवस झाले. एक झाड कोरड्या मातीतून ओढलं तर मूळ मधेच तुटलं, म्हणून बाकीच्यांना हलकं पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी बॅगा ब्लेडने उभ्या कापून मुळं सोडवली. उपाशी ठेवलेल्या ८ बॅगांतून, म्हणजे १६ झाडांतून, ओली मुळं ३९० ग्रॅम. लाड केलेल्या २ बॅगांतल्या ४ झाडांची सगळी मिळून ३८! आणि ती झाडं उंचीने यांच्या दीडपट होती.

मुळं धुवून, बोटभर लांबीचे तुकडे करून उन्हात घातली. आज १४० ग्रॅम भरली. तुकडा कट्कन मोडतो, आत पांढरा पिठूळ, हीच खूण. बारीक मुळं मोडत नाहीत, नुसती वाकतात, ती वेगळी काढलीत.

चूर्ण घरापुरतं करणार, रात्री दुधातून, तेही वैद्यांनी सांगितलं तेवढंच. आईला थायरॉईडची गोळी चालू आहे म्हणून तिला देत नाहीये, आणि गरोदर बाईने तर घेऊच नये. घरचं आहे म्हणून कुणालाही वाटत सुटू नका, प्लीज.

लाल फळं चोळून, धुवून बी सावलीत वाळवलंय, कागदाच्या पुडीत ठेवलंय. पुढच्या ऑगस्टला बॅगेऐवजी जुना २०० लिटरचा ड्रम आडवा न कापता उभाच वापरून बघायचाय, किती खोल जातं ते. कुणी ड्रममध्ये लावला असेल तर खाली भोकं किती पाडली ते सांगा.