‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ : कडा कापलेल्या प्रतीवर तोडगा

मागच्या नोंदीत अडलेले गाडे अखेर हलले. २० सप्टेंबर १९५४ रोजी ‘स्टुडिओ वन’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत थेट प्रक्षेपित झालेले नाट्य आणि सिडनी ल्युमेट यांचा १९५७चा चित्रपट यांतील कॅमेऱ्याचे अंतर ताडून कसे पाहायचे, हा प्रश्न होता. चित्रपट पुढे सरकतो तशी ल्युमेट कॅमेरा मागे नेत अधिकाधिक लांब पल्ल्याची भिंगे वापरतात, त्यामुळे मागची भिंत खोलीत बसलेल्या बारा ज्युरींच्या अंगावर येत गेल्यासारखी वाटते. फ्रँकलिन शॅफ्नर यांच्या थेट प्रयोगात असे काही घडते का?

चौकटीच्या उंचीशी चेहऱ्याचे प्रमाण काढणे व्यर्थ होते, कारण थेट प्रयोग आज पाहायचा तो किनेस्कोपवर; किनेस्कोप म्हणजे मॉनिटरच्या पडद्याचेच फिल्मवर केलेले चित्रण आणि त्यात कडा किती गेल्या हे कळायला मार्ग नाही. त्यातून माझी इंटरनेटवरची जुनी प्रत आडवी ताणलेली! तोडगा मात्र पात्रयोजनेतच होता. नववे ज्युरर जोसेफ स्वीनी आणि अकरावे जॉर्ज व्होस्कोव्हेक दोन्हीकडे तेच आहेत. दोघे आपापल्या खुर्चीत बसलेले आणि मागेपुढे दिसत असतील, तेथे जवळच्या चेहऱ्याच्या उंचीला दूरच्या चेहऱ्याच्या उंचीने भागायचे. कॅमेरा जितका मागे, तितका भागाकार एकाजवळ येतो. कापलेल्या कडांचे किंवा ताणलेल्या चित्राचे त्याला सोयरसुतक नाही. चित्रपटाची मोजमापे ल्युमेट यांच्या पद्धतीशी जुळली, तेव्हा फार बरे वाटले.

किनेस्कोपने मात्र पुन्हा छळले. त्या काळच्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यातील इमेज ऑर्थिकॉन नळीमुळे उजळ वस्तूभोवती काळसर वलय उमटते, त्यामुळे स्वीनींच्या पांढऱ्या केसांची कड नक्की कोठे संपते हे ठरेना. आता डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतच मोजतो आणि मान झुकलेली चित्रे सरळ वगळतो. चौकट-चौकट पुढे सरकायला व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरची ‘ई’ कळ पुरते, महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. प्रत मात्र क्रायटेरियन या कंपनीने काढलेल्या डिस्कचीच घ्यावी. थेट प्रयोगात कॅमेऱ्याच्या फिरत्या चकतीवर चारच भिंगे असत आणि दुसरा कॅमेरा प्रक्षेपणात असतानाच ती बदलता येत, म्हणून तेथे भागाकारात सलग उतार न दिसता पायऱ्या दिसतील, असा माझा कयास आहे.

यानंतर आधी दूरचित्रवाणीवर आणि मग चित्रपटात आलेले ‘रिक्विएम फॉर अ हेवीवेट’ घेणार होतो. पण चित्रपटात जॅक पॅलन्स यांच्या जागी अँथनी क्विन आल्यावर मुख्य पात्राचा समान चेहराच उरत नाही. हे लिहितानाच ‘मार्टी’ आठवला. १९५३चे दूरचित्रवाणी नाट्य आणि १९५५चा चित्रपट, दोन्ही वेळा दिग्दर्शक डेल्बर्ट मान, आई एस्थर मिंचोटी आणि मावशी ऑगस्टा चोली. शिवाय दोघींचा समोरासमोरचा प्रसंगही दोन्हीकडे आहे. तेव्हा पुढची मोजणी त्या दोघींचीच.