उतरणार कुठे?

रविवारची जेवणं आटोपली की आमच्या डायनिंग टेबलावर दुसरं महायुद्ध मांडलं जातं. ‘ॲक्सिस अँड अलाइज’ हा फाशांचा पटावरचा खेळ, १९४२ची आवृत्ती. परवा भाच्याने एक फायटर विमान उचललं, एकेक घर मोजत थेट माझ्या बिनहत्यारी ट्रान्सपोर्ट जहाजावर आणून ठेवलं. फायटरची चाल चार घरांची, ती जाण्यातच संपली.

“उतरणार कुठे?”

“कॅरिअरवर, मामा.”

“आणि कॅरिअर?”

“येईल की!”

कॅरिअर, म्हणजे विमानवाहू नौका, दोन घरं मागे. मधल्या पाण्यात माझी डिस्ट्रॉयर ही युद्धनौका ठाण मांडून बसलेली. तिच्यावर याने एक पाणबुडी सोडली होती, तीही फाशाच्या सहातल्या दोनच आकड्यांना लागणारी. म्हणजे पाणबुडीने वाट मोकळी करायची, मग कॅरिअर येणार, मग हे साहेब उतरणार. मी नियमपुस्तक काढलं. खरं सांगायचं तर खेळापेक्षा मला तेच जास्त आवडतं.

पुस्तक भाच्याच्या बाजूने निघालं. विमान पाठवताना उतरायची जागा दाखवता आली पाहिजे, एवढीच अट. ती मिळण्याची आशा कितीही बारीक असली तरी चालते. वर हिशोब मांडताना आपला प्रत्येक फासा लागणार आणि समोरच्याचा प्रत्येक फुकट जाणार, असं धरायला छापील परवानगी! मरायलाच पाठवतोय असं म्हणाल तर मनाई. वाट मात्र मोकळी झाली, तर ठरल्याप्रमाणे कॅरिअर न्यावीच लागते. तिथे ‘विचार बदलला’ चालत नाही. नुकत्याच जिंकलेल्या मुलखात विमान उतरवता येत नाही, आणि बॉम्बरला तर कॅरिअर मुळीच चालत नाही.

आजोळी आम्ही व्यापार खेळायचो, त्या डब्यातला नियमांचा कागद कधीच गहाळ झाला होता. तेव्हा थोरला मामेभाऊ म्हणेल तो नियम. जेलमध्ये बसलेल्याला आपल्या घरांचं भाडं घेता येतं का? तो स्वतः जेलमध्ये असेल तर येतं, मी असलो तर येत नाही. रडारड झाली की आजी माजघरातून ओरडायची, “उचला तो पसारा!” आणि मुंबई-कलकत्त्यासकट सगळा देश डब्यात जायचा. छापील नियमाबद्दलचा माझा हा हळवेपणा बहुधा तिथलाच. (या पटावर भारत ब्रिटनचा आहे आणि त्याचं उत्पन्न तीन, म्हणजे एका पायदळाची किंमत. ते बघून दर वेळी थोडा राग येतोच.)

विमानांचं मोजणंही चमत्कारिक. बेट आणि त्याच्या भोवतीचं पाणी ही दोन वेगळी घरं. बेटावरून उडालात तर पाण्यात यायलाच एक चाल खर्ची पडते. कॅरिअरवरून उडालात तर तुम्ही आधीच पाण्यात. या एका घरावरून आमच्याकडे चहा गार झालेले आहेत.

२० जून १९४४ला फिलिपिन्सच्या समुद्रात हे मोजमाप खरोखरीचं होतं. अमेरिकन ॲडमिरल मिट्शरने संध्याकाळ होत आली असताना दोनशेवर विमानं जपानी ताफ्यावर सोडली. ती उडाल्यावर कळलं, की ताफा आधी वाटला होता त्याहून बराच लांब आहे. परतताना काळोख झाला, टाक्या रिकाम्या व्हायला आल्या. पाणबुड्यांची भीती असूनही मिट्शरने जहाजांवरचे दिवे लावायला सांगितले. तरीही इंधन संपून किंवा उतरताना आपटून ऐंशीच्या आसपास विमानं गेली. शत्रूच्या हातून गेली होती त्याच्या कितीतरी पट. माणसं मात्र बहुतेक वाचली, पाण्यातून शोधून काढली गेली. आमच्याकडे असं फायटर सरळ डब्यात जातं, आणि दहा रुपये बुडाले असा चेहरा होतो. त्याची किंमत दहाच आहे म्हणा.

पाणबुडी आणि विमान यांचा मात्र मला अजून उलगडा नाही. पाणबुडीला विमान कधीच पाडता येत नाही, आणि सोबत आपली डिस्ट्रॉयर नसेल तर विमानालाही पाणबुडीचं काही वाकडं करता येत नाही. एकाच घरात दोघं, लढाई जाहीर, आणि कुणीच कुणाला लागत नाही. असं का, हे विचारायला मी पुस्तक उलथंपालथं केलं. पुस्तक नियम सांगतं, कारण सांगत नाही. आमच्यातला एकजण तरीही अशा वेळी फासा टाकायचा हट्ट धरतो. टाकू देतो आम्ही. सहा आला तर हळहळतोसुद्धा.