आय५ का रायझन: दोन कोटेशनं आणि एक पेन ड्राइव्ह

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं फौंड्रीच्या ओतकामाला लागणाऱ्या पॅटर्नच्या डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. आमच्या पीसीत इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, विंडोज ११ला रीतसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे नवीन घेणं आलंच.

राजारामपुरीतून दोन कोटेशनं आणली. एकावर 'आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी', दुसऱ्यावर एएमडी कंपनीचा प्रोसेसर 'रायझन ५' आणि बाकी सगळं तेच. नुसतं वाचलं तर जुळी भावंडं, फक्त दुसरं महाग. खोदून विचारल्यावर कळलं की पहिल्यात आय५-१२४००एफ, एच६१० मदरबोर्ड आणि जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम आहे. दुसऱ्यात रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड आणि नव्या पिढीची डीडीआर५. दोन्हीकडं ६ कोअर, १२ थ्रेड, म्हणजे काम करणारे भाग सहा आणि एका वेळी कामाच्या रांगा बारा. पण क्लॉक, म्हणजे कोअरचा वेग, जास्तीत जास्त ४.४ विरुद्ध ५.१ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) १८ विरुद्ध ३२ एमबी.

१२४००च्या पुढच्या त्या 'एफ'बद्दल विचारलं, तर दुकानदार म्हणाले, "दादा, कार्ड हाय न्हवं तुमच्याकडं? मग कशाला पैसे घालवताय?" एफमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, स्क्रीनसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच. उद्या कार्ड गेलं की स्क्रीन काळी, आणि फौंड्रीवाला ड्रॉइंगसाठी दारात उभा. ७६००मधलं ग्राफिक्स अगदी साधं, बऱ्याच पार्टांचं मोठं थ्रीडी मॉडेल फिरवायला कामाचं नाही. पण ड्रॉइंग उघडून पीडीएफ तरी पाठवता येते.

"एएमडी लई तापतंय ओ," हेही ऐकवलं गेलं. बेस पॉवर दोन्हींची ६५ वॅट. पूर्ण भारावर इंटेलची मर्यादा ११७, या रायझनची ८८. आता काय बोलायचं!

दुकानात आमचं सॉफ्टवेअर कुठलं असणार? फ्रीकॅड हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते डेमो मशीनवर टाकायला लावलं आणि पेन ड्राइव्हवरून पंप केसिंगची स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची फाइल) उघडली. शेजारी प्रोसेसर आणि मेमरी किती वापरात आहे ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर. फाइल लोड होतेय, आपण ताटकळतोय, आणि सीपीयू जेमतेम दहा टक्क्यांवर! बारांतला एकच थ्रेड राबत होता. सॉलिड मॉडेलिंगचं बरंचसं काम असंच चालतं, त्यामुळं कोअर किती यापेक्षा एक कोअर किती पळतो ते आम्हाला महत्त्वाचं. तिथंच मेमरीच्या पानावर दिसलं की स्लॉट दोन, भरलेला एक. १६ची एकच पट्टी म्हणजे सिंगल चॅनेल, रॅममधून डेटा यायची वाट एकच, म्हणून बँडविड्थ निम्मी.

रायझनच घेतला. रॅमचे भाव चढलेले, तरी १६च्या दोन पट्ट्या घातल्या. ती काटकसर करायची नव्हती. एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, कोटेशनवर नुसता '४५० वॅट' होता, तो कंपनीचं नाव आणि ब्राँझ हे कार्यक्षमतेचं रेटिंग बघून बदलून घेतला. केबिनेट मात्र सगळ्यांत स्वस्त, दिवे लागणारं नको म्हणून सांगितलं. बिल जीएसटीचं, आणि त्यावर प्रत्येक पार्टचा मॉडेल व सिरीयल नंबर लिहून घेतला. दुकानातला पोरगा वैतागला, पण लिहिलं त्यानं सगळं.