सीडी 100 : घट्ट झालेले टॅपेट

1997 ची हिरो होंडा सीडी 100 जुनी घेतल्यापासूनची ही तिसरी नोंद आहे. कार्बोरेटर साफ करून आणि नवा प्लग लावूनही एक तक्रार शिल्लक राहिली होती. सकाळी दुसऱ्या किकला सुरू होणारी गाडी आठ-दहा किलोमीटर चालून तापली की सिग्नलला बंद पडायची, आणि त्यानंतर किक पायाखाली इतकी पोकळ लागायची की सिलिंडरमध्ये दाब धरतच नाही हे कळून येई. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकावरच्या स्क्रूचा, आवाज मात्र अजिबात नव्हता, आणि गाडी घेताना मला त्या शांततेचेच कौतुक वाटले होते.

आता त्या शांततेचा अर्थ लागतो. सैल टॅपेट टकटक करतो, पण व्हॉल्व्ह निदान पूर्ण बंद होतो. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, आणि इंजिन तापून व्हॉल्व्हची दांडी लांबली की रॉकर, म्हणजे तिला ढकलणारी भुजा, तिला किंचित दाबून धरतो, त्यामुळे व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे तो टेकतो त्या कड्यावर, नीट बसतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला हे फार महागात पडते, कारण त्याची बरीचशी उष्णता सीटला टेकलेल्या क्षणांतच हेडमध्ये उतरत असते. टेकायलाच मिळाले नाही, तर त्याची कड जळू लागते. आवाज नको म्हणून आधीच्या कुणी मेकॅनिकने गॅप, म्हणजे टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट, कमी केला असेल, किंवा वर्षानुवर्षांच्या वापराने व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल गेला असेल. दोन्हींचा परिणाम एकच होतो.

माझ्याकडच्या माहितीप्रमाणे या इंजिनाचा गॅप दोन्ही व्हॉल्व्हना 0.05 मिलिमीटर असून तो थंड इंजिनावर, म्हणजे 35 अंशांच्या आत असताना मोजायचा असतो. नागपूरच्या मे महिन्यात ही अट सोपी नाही. दुपारी सावलीत उभी असलेली गाडीसुद्धा त्याहून गरम असते, म्हणून रात्रभर गाडी अंगणात ठेवली आणि पहाटे साडेपाचला काम सुरू केले.

प्लग काढला, मॅग्नेट कव्हरवरची दोन्ही झाकणे उघडली आणि वरचे-खालचे टॅपेट कॅप सोडवले. सिलिंडर जवळजवळ आडवा असल्यामुळे एक्झॉस्टचा कॅप खालच्या बाजूला येतो आणि उघडताच थोडे ऑईल ओघळते, तेव्हा खाली फडके हवेच. मॅग्नेट, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरची चकती, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवताना खिडकीत आधी एफची, म्हणजे ठिणगीची, खूण येते आणि लगेच टीची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असल्याची. घाईत एफवरच थांबणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. आपल्याला टी हवी.

मी अडकलो ते मात्र यापुढे. टीची खूण रॉकर हलवणाऱ्या कॅमच्या एका फेऱ्यात दोनदा येते, आणि दाबाच्या स्ट्रोकची टी ओळखायची सर्वांच्या तोंडची रीत म्हणजे दोन्ही रॉकर हाताला सैल लागले पाहिजेत. माझे रॉकर दोन्ही वेळा सारखेच ताठ. प्लगच्या भोकावर बोट ठेवून दाब पाहण्याचा उपायही फसला, कारण गळक्या व्हॉल्व्हमुळे दाबच क्षीण होता. शेवटी वरच्या भोकातून टॉर्च मारून इनलेटच्या रॉकरवर नजर ठेवली : तो खाली दबला, परत वर आला, आणि त्यानंतर जी पहिली टी आली तिच्यावर मॅग्नेट थांबवला. टॅपेट घट्ट असल्याची शंका असेल तर हाच मार्ग धरावा, असे मी आग्रहाने सांगेन. चुकीच्या टीवर दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात, आणि तिथे गॅप लावला तर सगळेच बिघडेल.

इनलेटमध्ये फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) 0.03 ची पट्टी जेमतेम शिरली, एक्झॉस्टमध्ये तीही शिरेना. लॉकनट ढिला करून स्क्रू पाव फेऱ्यापेक्षाही कमी सोडला, 0.05 ची पट्टी घातली आणि पोथीचे जुने पान चिमटीतून हलकेच ओढावे तसा तिला अडसर लागेपर्यंत स्क्रू आणला. नट आवळताना स्क्रूही बरोबर फिरतो आणि गॅप बदलतो. एक्झॉस्टचा गॅप मला तीनदा लावावा लागला. नट आवळल्यानंतरचेच माप खरे धरावे. मग मॅग्नेट पूर्ण दोन फेरे फिरवून दोन्ही मापे पुन्हा घेतली आणि कॅपना नव्या ओ-रिंग घालून बंद केले.

कॉम्प्रेशन गेजवर आधी 7 किलोचा आकडा होता, आता 10 च्या थोडा वर येतो. वर्धा रोडने भर दुपारी तीस किलोमीटर फिरवून गाडी मुद्दाम सिग्नलला उभी केली. आयडलिंग हलले नाही, आणि बंद करून मारलेली पहिलीच किक लागली. टॅपेटची बारीक, एकसारखी टिकटिक आता ऐकू येते, आणि ती मला मनापासून आवडते आहे.

पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पहाटेच मोजले. इनलेट 0.05 वर कायम आहे, पण एक्झॉस्टमध्ये ती पट्टी आता शिरत नाही, 0.04 ची शिरते. म्हणजे तो व्हॉल्व्ह अजून सीटमध्ये उतरतो आहे. आणखी पाचशे किलोमीटरला तिसरे माप घेईन, आणि गॅप तेव्हाही घटलेला निघाला तर पावसाळ्यात हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट दोन्ही तपासायला काढीन. हेडचे गॅस्केट आजच आणून ठेवले आहे.