बांबूच्या मुलखात वेताची खुर्ची

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-ब्रह्मपुरी पट्ट्यातलं. घरामागे धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल, आणि जंगलात बांबू. खुर्च्या विणायला आणलेला वेताचा पहिला भारा एस.टी.च्या टपावरून उतरवला तेव्हा शेजारच्या काकाजींनी विचारलं, "काऊन बा, आपल्या इकडं बांबू का कमी हाये?" हा प्रश्न अजूनही महिन्यातून दोनदा येतो. बांबू म्हणजे गवत, आतून पोकळ. वेत हा ताडामाडाच्या कुळातला काटेरी वेल, आतून भरीव. गरम करून वाकवला की वळतो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. त्याची वरची साल सोलून ज्या पट्ट्या निघतात, त्यांनीच खुर्चीची जाळी विणतात. आपल्या जंगलात तो मिळत नाही. आम्ही आसामचा वेत नागपुरातून आणतो.

वडील सुतार. बंड्या म्हणजे बैलगाड्या, वखरं, दाराच्या चौकटी हेच काम. ट्रॅक्टर आले आणि बंड्यांचं काम बसलं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, १९५१ साली गेली, पण मालगुजारांचे वाडे राहिले, आणि वाड्यांच्या पडवीत सागवानी आरामखुर्च्या राहिल्या. हात एवढे लांब की त्यांवर पाय टाकून दुपार काढावी. २०११ साली अशाच एका वाड्याच्या वाटण्या झाल्या आणि दोन खुर्च्या आमच्याकडे दुरुस्तीला आल्या. लाकूड ठणठणीत, जाळी मात्र फाटून लोंबत होती. वडिलांनी लाकूड नीट केलं. जाळी कोणालाच येत नव्हती.

तालुक्याच्या कचेरीत खुर्च्या विणायला एक अंध कारागीर यायचे. आपल्याकडे अंधशाळांमधून हे काम शिकवलं जाई, सरकारी खुर्च्यांची जाळी पुष्कळदा त्याच हातांची असे. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांनी मला आणि बायकोला शिकवलं. पट्टी आधी पाण्यात भिजवायची, चकचकीत बाजू वर ठेवायची. दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, मग दोन तिरप्या. सहा फेऱ्या झाल्या की आठ कोनांचं भोक तयार होतं. पट्टी सरकू नये म्हणून चौकटीच्या छिद्रात लाकडी खुंटी. ओल्या पट्टीने विणलेली जाळी वाळली की आपोआप ताणली जाते. प्लास्टिकच्या पट्टीला हे जमत नाही. ती पहिल्या दिवशी ताठ, वर्षाने झोळी. तरी स्वस्त म्हणून लोक तीच मागतात. एवढं सांगूनही मागितली तर आम्ही विणून देतो. पोट आहे.

पहिल्या वर्षी मोठा मार खाल्ला. एका गिऱ्हाइकाला एप्रिलमध्ये सहा खुर्च्या दिल्या, त्यांनी त्या अंगणात ठेवल्या. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला आणि चार खुर्च्यांच्या पट्ट्या तडातडा तुटल्या. सहाही परत आल्या. विणकाम फुकट पुन्हा केलं. तेव्हापासून खुर्चीसोबत तोंडी सूचना देतो : उन्हात ठेवू नका, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा जाळीच्या खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवा. वरून नाही, खालून. वर चकचकीत साल असते, ती पाणी घेत नाही. ढिली पडलेली जाळीही या एवढ्या उपायाने बरेचदा पुन्हा ताठ होते.

आमचा हिशेब भोकांवर चालतो, म्हणजे चौकटीच्या छिद्रांवर. साध्या खुर्चीच्या बैठकीला सव्वाशेच्या आसपास छिद्रं, दोघांचे दोन दिवस. आरामखुर्चीला आठवडा जातो. दर ऐकून लोक म्हणतात, एवढ्यात नवी प्लास्टिकची येईल. येते ना. पण आपल्या मे महिन्यात तिच्यावर बसून बघा, पाठ घामाने चिकटते. वेताच्या जाळीतून वारा खेळतो. आणि फाटली तरी फेकायची नसते. लाकूड तेच, जाळी नवी.

अलीकडे शहरातून फोन येतात. १९५०च्या दशकात चंदीगड उभं राहताना वास्तुविशारद पिएर जानरे यांनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या घडवल्या. पुढे त्याच भंगारात निघाल्या आणि आता परदेशातल्या लिलावात लाखांनी विकल्या जातात. त्यामुळे 'तशीच, जुनी दिसणारी' हवी असते. आम्ही बनवतो, पण बैठकीखाली आमचं नाव आणि साल कोरतो. एकाने कोरू नका म्हणून जास्तीचे पैसे देऊ केले. ती ऑर्डर सोडली.

गेल्या दिवाळीनंतर वाड्यातली पहिली आरामखुर्ची पुन्हा आली. या वेळी मुलाने विणली. गुरुजी आता फारसे कुठे जात नाहीत, म्हणून खुर्चीच टेम्पोत घालून त्यांच्या दारी नेली. त्यांनी तळहात वरून खाली फिरवला, मधल्या एका जागी बोट थांबवलं. "बाबू, ही तिरपी आडवीच्या वरून जाऊन रायली, खालून जायला पायजे होती. घासून घासून कापंल. उकल."

मुलाने तिथेच ओसरीवर बसून खुंटी काढली.